इथून तिथे काही जात नाही

४ मार्च, सोमवार

ही डायरीसुद्धा दादाचीच. त्याला कुठल्याशा औषध कंपनीने दिलेली, पहिल्या पानावर त्याचं नाव छापलेलं. ते पान फाडून सुरुवात करतोय.

आजपासून हॉस्पिटलची नदीपलीकडची शाखा माझ्याकडे. नोकरी दादाने लावली, हे आई जेवताना दोनदा म्हणाली. कॉलेज सोडल्यापासून घरात मी म्हणजे दांडीवरचा ओला टॉवेल, येता-जाता ज्याने-त्याने बाजूला सारायचा. का सोडलं, हे कोणी नीट ऐकूनच घेतलं नाही. सर भर वर्गात म्हणाले, "तुझा भाऊ याच बाकावर बसायचा. बाक तोच आहे, बसणारा मात्र..." वाक्य पुरं व्हायच्या आत मी दाराबाहेर होतो. ते वर्ष तसंच अर्धं पडलंय.

काम समजून घेतलं. हॉस्पिटलात कोण कोण आहे, कोणाचा पासवर्ड काय, कोणाच्या कार्डाने कुठलं दार नि कुठलं औषधांचं कपाट उघडतं, ही सगळी यादी मुख्य इमारतीतल्या सर्व्हरवर असते. तो मास्टर. तो दादाकडे. शाखेतलं प्रत्येक मशीन दर वेळी त्यालाच विचारायला धावतं, आणि मधली लाइन पडली की शाखेत सगळे हात बांधून बसतात. म्हणून शाखेत यादीची एक नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर लावायचा. त्याला स्लेव्ह म्हणतात. दर तासाला मास्टर आपली यादी पाठवणार, स्लेव्ह ती जशीच्या तशी उतरवून घेणार.

दादा म्हणाला, "एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. स्लेव्हवर हाताने काही लिहायचं नाही. लिहायचं ते मास्टरवर. तिथून इथे येतं. इथून तिथे काही जात नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या घरासारखंच."

तो हसला. मी विनोद केला नव्हता. त्याचे शर्ट, त्याची सायकल, त्याची पुस्तकं, समासातल्या त्याच्या खुणांसकट, सगळं तिथून इथे आलेलं. माझं काही तिकडे गेल्याचं आठवत नाही.

७ मार्च, गुरुवार

शाखेतल्या मोठ्या सिस्टरने माझं नाव 'केबल' ठेवलंय. खांद्यावर वेटोळं असतं म्हणून की अंगकाठीवरून, ते विचारलं नाही.

सकाळी लाइन पडली. फार्मसीच्या खिडकीपुढे रांग जिन्यापर्यंत गेली. आत एक मुलगी, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, तो मनगटाने वर ढकलत रांगेला समजावत होती, "काका, औषध आहे हो, पण कपाट माझं ऐकत नाहीये." लोक चिडायचे ते हसले. मग तिने मुख्य इमारतीत फोन लावला. दादाशी बोलली असणार, लाइन पडली की सगळे त्यालाच फोन करतात. बराच वेळ बोलत होती. कपाट उघडल्यावरही बोलत होती. किती जबाबदार.

मी खिडकीतून सांगितलं, "आता मी आलोय. तुमचा हा त्रास कायमचा संपवतो."

ती म्हणाली, "त्रास कसला?"

स्वभाव चांगला आहे.

१२ मार्च, मंगळवार

झालं! पहिली अख्खी यादी लाइनवरून यायला जन्म गेला असता. म्हणून दादाने ती डिस्कवर भरून दिली आणि मी ती छातीशी धरून बसमधून आणली. शेजारच्या बाईने विचारलं, "रिपोर्ट वाईट आहे का रे बाळा?"

माझा सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आहे, सलाइनच्या खोक्यांच्या मधोमध. यादी चढवली. मास्टरकडून पहिला तासाचा हप्ता आला, जुळला. मग लाइनची वायर माझ्या हाताने काढली आणि धावत फार्मसीत गेलो.

"आता कार्ड लावा."

तिने लावलं. कपाट उघडलं. लाइन नाही, मास्टर नाही, दादा नाही, तरी उघडलं. माझ्या जिवावर उघडलं.

"म्हणजे आता तिकडे फोन करायला नको?" ती म्हणाली.

"कधीच नको."

"पण एखादे दिवशी बंद पडेलच ना?"

"माझ्या हातचं काम आहे. पडणार नाही."

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि गोळ्यांची पाकिटं लावत बसली. भारावली की माणसं अशीच गप्प होतात.

१९ मार्च, मंगळवार

दादाला सांगून टाकलं. हे कोणालातरी सांगितल्याशिवाय मला झोप येईना, आणि दादाशिवाय मला आहे कोण? तो खिडकीपाशी उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होता.

"शाखेत फार्मसीत एक मुलगी आहे," मी म्हटलं. "चष्मेवाली. मला ती... म्हणजे मी गंभीर आहे."

 त्याने इस्त्री एका जागी इतका वेळ ठेवली की कॉलर पिवळी पडली. आईने आतून ओरडून विचारलं, काय जळतंय?

"अजून विचारलं नाहीयेस ना तिला?" तो म्हणाला.

"योग्य वेळ बघतोय."

"आधी कॉलेज पुरं कर. बाकीचं मग."

झालं भाषण. याला प्रेमातलं काय कळतंय? हा माणूस पासवर्डसुद्धा लिहून न ठेवता लक्षात ठेवतो. पण मन हलकं झालं. कॉलर जळलेला शर्ट मला मिळणार, हे मात्र नक्की.

२२ मार्च, शुक्रवार

आज तिने माझ्या घरचं विचारलं! दुपारी खिडकी रिकामी असताना, स्वतःहून. आई कडक आहे का. सकाळी आधी कोण उठतं. तिखट चालतं का सगळ्यांना.

मी म्हटलं, "मला काहीही चालतं."

"नाही, म्हणजे घरात सगळ्यांनाच..."

"दादाला पोटाचा त्रास आहे. त्याला फिकं लागतं."

तिने मान डोलवली, जसं काही गाठ मारून ठेवतेय. घरचं उगाच कोण विचारतं? अजून 'तुम्ही' म्हणते पण. लाजते.

२५ मार्च, सोमवार

सकाळी ती स्वतः जिन्याखाली आली. माझ्या खोलीत, खोक्यांत. मला वाटलं, आलीच ती वेळ.

"माझं कपाट उघडत नाहीये," ती म्हणाली.

यादीत तिची नोंद काढून पाहिली. विभाग: मुख्य फार्मसी. शाखेतलं तिचं नाव गेलं होतं.

"कोणीतरी घोळ घातलाय," मी म्हटलं.

"घोळ नाही. बदली मागितली होती मी. मुख्य इमारतीत. पण महिनाअखेरपर्यंत इथेच आहे. नोंद जरा लवकर झाली वाटतं." मग खाली बघून म्हणाली, "घरच्या कारणाने मागितली."

कसलं घरचं कारण? तिचं घर तर याच बाजूला आहे. मला सगळा डाव कळला. मी मंगळवारी दादाला सांगितलं, आणि पुढच्याच सोमवारी तिची बदली. 'आधी कॉलेज पुरं कर' म्हणे! साहेबांच्या कानाला लागून त्याने तिला माझ्यापासून उचलून नेलंय, माझ्या भल्यासाठी.

"तिकडे फोन करू का?" तिने विचारलं. "ते एका मिनिटात..."

"काही गरज नाही. मी करतो."

मास्टरवर दुरुस्त करायला दादाचे पाय धरावे लागले असते. मी इथेच, स्लेव्हवर, हाताने तिचा विभाग 'शाखा' करून टाकला. कपाट उघडलं. ती थँक्यू म्हणून गेली.

तासाभराने मास्टरची यादी आली आणि माझं लिहिलेलं पुसून गेली. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. दुपारभर हेच. मी लिहितोय आणि तो तिथे बसून, त्याला पत्तासुद्धा नसताना, माझं पुसतोय. शेवटी डोकं फिरलं. यादी उतरवून घेणारी ओळच बंद करून टाकली. ये म्हणावं आता.

माझ्या सर्व्हरवर ती शाखेतच आहे. राहील.

२७ मार्च, बुधवार



तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला होता. माझ्या बारक्या स्क्रूड्रायव्हरने पिळून दिला. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, हसली आणि म्हणाली, "थँक्यू हं, भाऊजी."

आणि लगेच तोंडावर हात.

मोठी सिस्टर मागे इंजेक्शनं मोजून घेत होती. ती म्हणाली, "हात कशाला लावतेस? आज ना उद्या तेच म्हणायचंय. काय केबल, वहिनी आवडली ना?"

मी कोणाकडे बघत होतो आठवत नाही. चष्मा सावरत ती म्हणत होती, "त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला? मला म्हणाले होते, गेल्या रविवारीच सांगतो म्हणून..."

घरी गेलो. आई भाजी निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"अरे, दोन महिन्यांपूर्वी येऊन गेली घरी. तू तेव्हा मित्राकडे पडीक होतास. दादा म्हणाला, त्याला मीच सांगतो, तुम्ही नका बोलू."

म्हणजे आईला माहीत, सिस्टरला माहीत, त्या रांगेतल्या काकांनाही माहीत असेल. सगळ्या जगात यादी पोचली, एक मीच जुनी यादी कवटाळून बसलो होतो.

दादा आला तेव्हा मी दारातच उभा होतो.

"फोनवर जमवलंस?"

"शांत हो. बस."

"लाइन पडायची तेव्हा? रांग ताटकळत असायची आणि तुम्ही इकडे..."

"ठरलं होतं आमचं. तू सांगितलंस त्याच्या आधीच ठरलं होतं."

"मग तेव्हाच तोंड उघडायचं! मी समोर उभा राहून मूर्खासारखा बोलतोय, आणि तू इस्त्री करतोयस!"

"धीर झाला नाही रे." हे त्याने इतक्या हळू म्हटलं की आईला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. "तुझा चेहरा बघून धीर झाला नाही. म्हटलं, एक-दोन दिवसांत सांगू. मग ते दिवस पुढेच जात राहिले."

"आणि बदली?"

"ती तिने मागितली. लग्नानंतर इथून जवळ पडेल म्हणून."

मी त्याचा शर्ट अंगातून काढला, त्याच्या पायाशी टाकला आणि बनियनवर बाहेर पडलो. हे जरा हास्यास्पद झालं, डासही चावत होते. पण परत फिरणार नव्हतो.

३० मार्च, शनिवार

मित्राच्या घरी आहे. कामावर गेलो नाही. त्याची आई रोज विचारते, "तुझे घरचे काळजी करत असतील ना रे?" म्हणजे, कधी जाणार?

दादाचे फोनवर फोन. मी कापतो. काल निरोप टाकला, 'फोन उचल. घरचं नाही, कामाचं आहे. शाखेच्या सर्व्हरकडून पोच येत नाहीये, मला तिथलं काही दिसत नाहीये. यादी उतरतेय ना, एवढंच सांग.'

ढोंग. मला फोनवर आणायला काम पुढे करतोय. याच युक्तीने तिलाही फोनवर धरून ठेवायचा.

उत्तर दिलं नाही. आज पुन्हा, 'एवढं एकच सांग.' तेही पुसून टाकलं. पुसायची पाळी आज माझी.

२ एप्रिल, मंगळवार

मोठ्या सिस्टरने मित्राचा पत्ता शोधून माणूस पाठवला. गेलो.

शुक्रवारी मुख्य इमारतीत एका कंपाउंडरला काढलं होतं. गुंगीची, दुखणं थांबवायची इंजेक्शनं चोरून विकायचा. दादाने त्याच दिवशी मास्टरवरून त्याचं नाव काढलं. तासाभरात ते सगळीकडून जायला हवं होतं. माझ्याकडून गेलं नाही, कारण माझ्याकडे काही उतरतच नव्हतं. रविवारी दुपारी तो शाखेत आला, त्याला काढल्याचं इथल्यांना माहीतच नव्हतं. गणवेशात होता, ओळखीचा होता. ती खिडकीवर होती, तिला म्हणाला, मुख्य इमारतीतून सामान न्यायला पाठवलंय. कार्ड लावलं. कपाट उघडलं. लाइन त्याच सकाळी पडलेली, तरी उघडलं. मीच तर सगळ्यांना सांगत फिरलो होतो, आता लाइन नसली तरी उघडतं म्हणून.

वरच्या मजल्यावर मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा आहेत. त्यांचं इंजेक्शन त्याच कपाटातलं, त्याने नेलेलं. सिस्टर म्हणाली, नदीपलीकडून दुसरं येईपर्यंत ते ओरडत होते. मग ओरडायचे थांबले आणि नुसते आईला हाका मारायला लागले. "ऐंशीच्या पुढचा माणूस रे," ती म्हणाली. "आईला हाका." आज मला केबल म्हणाली नाही.

तिला, म्हणजे तिला, कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. तिच्या देखत कपाट उघडलं, म्हणून ती सामील असणार असं लोक बोलतात. उद्या चौकशी.

जिन्याखाली जाऊन बंद केलेली ओळ चालू केली. यादी आली. कंपाउंडर गेला. तीही गेली शाखेतून. पापणी लवायच्या आत.

३ एप्रिल, बुधवार

मोठ्या साहेबांची खोली. साहेब, मोठी सिस्टर, दादा, मी. ती दाराशी खुर्चीत, चष्मा हातात धरून.

साहेबांनी विचारलं, "शाखेतलं यादीचं काम बंद कोणी केलं होतं?"

मी बोलणारच होतो. खरंच बोलणार होतो, वाक्य तयार होतं. घसा मोकळा करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दादा म्हणाला, "मी, सर."

"तुम्ही?"

"देखभालीसाठी बंद ठेवायला मीच सांगितलं होतं. परत चालू करायचं राहून गेलं. शाखेचा सर्व्हरही माझ्याच जबाबदारीत येतो. फार्मसीतल्यांना हे कळायचं काही कारण नव्हतं. मशीनने हो म्हटलं तर माणूस काय करणार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

दादाने माझ्याकडे बघितलंच नाही. लहानपणी मी खिडकीची काच फोडली की तो असाच बाबांसमोर उभा राहायचा, भिंतीकडे बघत.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती माझ्याकडे बघत होती. ती हुशार आहे. त्या सोमवारी सकाळी कपाट कोणी उघडून दिलं, हे तिला आठवत असणारच. तीही बोलली नाही. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आपल्या हातांकडे बघत राहिली.

जिन्यात दादाला गाठलं. "कोणी सांगितलं होतं तुला?"

"ओरडू नकोस."

"मोठेपणा करायची हौस फिटली का? तिच्यासमोर?"

"नोकरी लागून कसाबसा महिना, आणि गेली असती," तो म्हणाला. "कॉलेजही नाही. मग काय करणार होतास?" आणि खाली उतरून गेला. पोटावर हात होता. काही खाल्लं नसणार सकाळपासून.

५ एप्रिल, शुक्रवार

हे दादाच्या खुर्चीत बसून लिहितोय. मुख्य इमारत, मास्टरची खोली. खुर्चीचा डावा हात घासून गुळगुळीत झालाय. हीसुद्धा त्याच्यानंतर मलाच मिळाली.

तिच्यावरचा संशय गेला, ती सोमवारपासून खालच्या फार्मसीत येणार. आजोबांचं दुखणं आता आटोक्यात आहे, सिस्टरला फोन करून विचारलं. दादाला काढलंय. आणि तात्पुरता ताबा कोणाकडे? ज्याला यातलं थोडंफार कळतं त्याच्याकडे. साहेब म्हणाले, "तुझ्या भावाची चूक तू करणार नाहीस अशी आशा आहे." मी "हो" म्हणालो. ते 'हो' अजून तोंडात कडू लागतंय.

पहिलं काम दिलंय, दादाचं नाव यादीतून काढायचं. जेवणाच्या सुट्टीआधी.

नोंद समोर उघडी आहे. एक बटण दाबायचं. मास्टरवरून जाईल, तासाभरात शाखेतून जाईल. त्याचं कार्ड कुठलंच दार उघडणार नाही. मला हेच हवं होतं ना? गेले किती दिवस अंथरुणात पडून हेच बघत होतो, तो दारात उभा आहे आणि दार उघडत नाहीये.

मशीन विचारतंय, नक्की काढायचं का. मघापासून विचारतंय.

मला त्याचा राग आहे. इथे स्पष्ट लिहून ठेवतो, उगाच कोणाचा गैरसमज नको. त्याने मला अंधारात ठेवलं. मी माझं सगळं काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि तो इस्त्री करत राहिला. आई त्याला सामील, तीही सामील. हे मी विसरणार नाही. लग्नात जायचं की नाही तेही ठरवलेलं नाही. आणि वर हा उपकार. जन्मभर माझ्या डोक्यावर ठेवायला. साधं भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्याने. मी काहीही म्हटलं की आई म्हणणार, तुझ्यासाठी त्याने...

पण गंमत अशी की मी शाखेत जे काही लिहिलं ते टिकलं नाही. इथे मास्टरवर लिहिलं की ते सगळीकडे पोचतं, हे मला त्यानेच शिकवलंय. चौकशीच्या कागदावर साहेबांनी चुकीचं लिहून घेतलंय, आणि तेच आता मजल्यामजल्यावर, दारादारांत पोचतंय. खालचा पहारेकरी सकाळी मला म्हणाला, "तुझा भाऊ असा निघेल असं वाटलं नव्हतं." मी त्याची कॉलर धरली. का धरली मला माहीत नाही. तो माझ्या बाजूनेच बोलत होता.

बटण दाबलेलं नाही. 'नाही' म्हणून नोंद बंद केली.

साहेब जेवून आलेत, त्यांच्या दाराचा आवाज झाला. जातोय सांगायला. दादासाठी नाही. आजवर जे मिळालं ते सगळं त्याने आधी वापरलेलं मिळालं. ही चूक तेवढी कोरी होती, माझ्या मापाची. ती मी त्याला घालू देणार नाही.